मातीची पाळ आणि तिच्या आडचें पाणी



धरण म्हटलें म्हणजे आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें भाटघर किंवा राधानगरी उभी राहते. दगडाची उंच भिंत, लोखंडी दरवाजे आणि त्यांतून कोसळणारें पाणी. आज ज्या धरणाविषयीं मी बोलणार आहें त्याला असा दरवाजा नाहीं, नकाशावर त्याचें नांव बहुधा नसतें, आणि त्याच्या भिंतीवर गुरें चरतांना दिसतात. दहा-बारा फूट उंचीची एक मातीची पाळ, तिच्या आड पसरलेलें पाणी, आणि त्या पाण्यांत मासे, कमळें व पांखरें. एवढाच त्याचा संसार. पूर्व विदर्भांत असें पाणी लहान असेल तर त्याला बोडी म्हणतात, मोठें असेल तर तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे चार जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वभाग मिळून अशीं जुनीं तळीं सहा-सात हजार मोजलीं गेलीं आहेत. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाडींत पावसाळा सरतां सरतां खिडकीशीं बसावें. अर्जुनी, वडसा, नागभीड, सिंदेवाही हीं स्थानकें मागें पडत जातात, आणि बाहेर पाणी, मग धानाच्या बांध्या, मग जंगल, मग पुन्हां पाणी, असें चित्र तासन् तास चालूं राहतें. आपल्या ताटांतला चिन्नोर तांदूळ आणि उपवासाचा शिंगाडा यांचें माहेर हेंच.

या मुलखांत पाऊस थोडा पडतो म्हणून तळीं बांधावीं लागलीं, अशी कोणाची समजूत होईल. पण येथें वर्षाला पन्नास इंचांवर पाऊस पडतो. अडचण निराळी आहे. तो सारा पाऊस तीन-साडेतीन महिन्यांत येतो आणि उतारावरून वैनगंगेकडे निघून जातो. धानाला मात्र लोंबी भरण्याच्या वेळीं, म्हणजे भाद्रपद-आश्विनांत, पायाखालीं पाणी हवें असतें. नेमका तेव्हांच पाऊस दडी मारतो. हस्त कोरडा गेला तर उभें पीक पोंचट होतें. तेव्हां जुलैचें पाणी ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवावयाचें, एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप झाला.

तो केला मुख्यतः कोहळी समाजानें. हे लोक काशीकडून आले, गोंड राजानें त्यांना बोलावून आणलें, असें परंपरा सांगते. चांद्याच्या गोंड राजांविषयींही असें सांगतात कीं, जो तळें बांधील त्याला त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन द्यावी, असा त्यांचा नियम होता. कथेचा तपशील कसाही असो, त्यांतलें राजकारण मला फार शहाणपणाचें वाटतें. तिजोरींतून एक पैही न देतां राजानें हजारो तळीं बांधवून घेतलीं, आणि तळ्याची निगा ठेवण्यांत बांधणाराचा स्वतःचा स्वार्थ गुंतवून ठेवला. नवेगांवचा प्रसिद्ध बांध कोलू पाटील कोहळी यानें घातल्याचें मानतात. पुढें मालगुजारी पद्धति आली, गांवचा वसूल मालगुजाराकडे गेला, आणि तळ्यांना ‘मालगुजारी तलाव’ हें नांव पडलें. मालगुजारी गेली तरी नांव टिकलें आहे.

आतां ही पाळ कशी उभी राहते तें पाहूं. पाणी मोठें कपटी असतें. वरून जाण्यास वाट मिळाली तर तें वरून जातें, न मिळाली तर खालून शोधतें. म्हणून पाळीचें काम जमिनीच्या वर नव्हे, जमिनीच्या खालीं सुरू होतें. पाळीच्या मध्यरेषेवर चर खणावयाचा, आणि घट्ट, पाणी न सोडणारी जमीन लागेपर्यंत खणावयाचा. कोठें तीन फूट, कोठें सहा. त्या चरांत ओली चिकण माती थराथरानें ठोकून भरावयाची. वरचें गवत, मुळ्या, पालापाचोळा खरवडून टाकल्याशिवाय पहिली पाटी ओतूं नये. कारण कुजलेल्या मुळाच्या जागीं पोकळी राहते, आणि पोकळीच्या जागीं पुढें बोगदा होतो. त्यानंतर माती वीतभर जाडीच्या थरांनीं चढवावयाची, प्रत्येक थर किंचित् ओला करून तुडवावयाचा. पूर्वी बैलांच्या पायांखालीं तो तुडविला जाई. आज लोखंडी रूळ आहे. पण घाई असेल तर रुळालाही फांटा मिळतो आणि ट्रॉलीमागून ट्रॉली माती नुसती ओतली जाते. अशी पाळ पहिल्या पावसाळ्यांत बसते, दुसऱ्यांत फुटते. नीट ठोकलेली मातीसुद्धां थोडी बसतेच. म्हणून दहा फुटांची पाळ हवी असेल तर साडेदहा-अकरा फूट चढवावी, असा जाणत्यांचा हिशेब असतो.

मातीची भिंत दगडी भिंतीसारखी सरळ उभी राहत नाहीं. ती पसरूनच बसावी लागते. पाण्याच्या अंगानें एक फूट उंचीला अडीच ते तीन फूट उतार, कोरड्या अंगानें दोन फूट. माथा आठ फूट रुंद धरला तर दहा फूट उंच पाळीचा पाया त्रेपन्न ते अठ्ठावन्न फूट होतो. हा आंकडा ऐकून नवशिक्याच्या तोंडचें पाणी पळतें, आणि तो उतार उभा करून माती वांचवितो. काळी माती चांगली चिकट म्हणून सबंध पाळ तिचीच घालण्याचा मोहही होतो. पण काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि त्या भेगांतून पहिला पूर आंत शिरतो. गाभा चिकण मातीचा आणि अंगावर मुरुमाचें पांघरूण, ही जुनी तऱ्हाच बरी. पाण्याच्या अंगाला दगडांचें अस्तर, कोरड्या अंगाला हरळी. झाडें मात्र पाळीवर नकोत. आपल्याला पिंपळ-बाभळीची सांवली सुंदर दिसते, पण मोठें झाड वठलें म्हणजे त्याचें एकेक मूळ पाळीच्या पोटांत कुजून नळी बनतें.

मातीची पाळ थोडी पाझरणारच. पायथ्याशीं ओल दिसली म्हणून घाबरूं नये. पाझरणारें पाणी स्वच्छ आहे तोंवर पाळ ठीक आहे. तें गढूळ झालें कीं समजावें, आंतली माती वाहूं लागली. मग तासांचा प्रश्न असतो. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटलें, पायथ्याची वाडी वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं. गळतीच्या तक्रारी गांवकऱ्यांनीं आधींच केल्या होत्या. त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनीं दोष खेकड्यांवर घातला, आणि महाराष्ट्रभर कडवट हंसें झालें. खेकडे, उंदीर, घुशी पाळीला बिळें पाडतात हें खरें आहे; म्हणूनच तर पाळीवरून दर आठवड्याला एक माणूस डोळे उघडे ठेवून चालला पाहिजे. खेकड्याला पगार मिळत नाहीं, तपासणाऱ्याला मिळतो.

पाळीइतकाच महत्त्वाचा तिचा सांडवा. पूर्व विदर्भांत त्याला सलंग म्हणतात. तळें भरल्यावर जास्तीचें पाणी पाळीच्या माथ्यावरून गेलें तर मातीची पाळ कांहीं घटकांत चिरली जाते. म्हणून पाळीच्या एका टोकाला, शक्य तर मूळच्या कठीण जमिनीवर, माथ्यापेक्षां तीनएक फूट खालच्या पातळीवर रुंद वाट ठेवावयाची. ती अरुंद ठेवण्यांत जी काटकसर होते तिच्याइतकी महाग काटकसर दुसरी नाहीं. जुन्या तळ्यांची सलंग पुष्कळदां आश्चर्य वाटावें इतकी रुंद असते. आणि तिच्यावरून गेलेलें पाणी नाल्यांत फुकट जात नाहीं, खालच्या तळ्यांत जातें. एकाखालीं एक अशीं तळीं साखळीनें बांधलेलीं असतात, आणि मधल्या जागेंत धान.

येथें माशांचा संबंध येतो, आणि तो थोडा धोक्याचा आहे. तळ्यांत पैसे देऊन मत्स्यबीज सोडलेलें असतें. पहिल्या पुरांत तें सलंगीवरून निघून जाऊं नये म्हणून सांडव्यावर आडवी बारीक जाळी ताणतात. पुराबरोबर पालापाचोळा येतो, जाळी बुजते, पाणी चढतें, आणि चार हजारांचे मासे वांचविण्याच्या नादांत सबंध पाळ पाण्याखालीं जाण्याची वेळ येते. जाळी लावावयाचीच असेल तर ती मोठ्या छिद्रांची, तिरपी आणि चटकन उचलतां येण्याजोगी असावी, व पावसाच्या रात्रीं तिच्यापाशीं माणूस असावा. शिवाय दुसरी गोष्ट. मृगाचा पाऊस लागला म्हणजे नाल्यांतले व खालच्या तळ्यांतले कित्येक मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि बांध्यांच्या नव्या, उथळ, कोमट पाण्यांत अंडीं घालतात. कोंकणांत यांनाच चढणीचे मासे म्हणतात. गवताळ, उतरती सलंग त्यांना चढतां येते. दुरुस्तींत तिच्या जागीं चार फुटांची उभी सिमेंटची भिंत आली म्हणजे वाट संपली. अभियंत्याच्या कागदावर ती भिंत निर्दोष असते, कारण कागदावर मासा नसतो.

या तळ्यांतले मासे दोन प्रकारचे. मूळचे रहिवासी मरळ, मागूर, शिंगी वगैरे. त्यांना गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्याचें भय नाहीं. पृष्ठभागीं येऊन ते हवेंतला श्वास घेतात. मरळीचें जोडपें पाणवनस्पतींत वर्तुळाकार जागा मोकळी करून तेथें अंडीं घालतें, आणि पिल्लांचा तांबूस थवा पोहूं लागला तरी आईबाप त्याच्याखालीं पाहरा करीत फिरत असतात. दुसरे पाहुणे, म्हणजे कतला, रोहू आणि मृगळ. कतला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं. म्हणून तिघे एकाच तळ्यांत भांडणावांचून वाढतात. परंतु हे नदीचे मासे असल्यामुळें साध्या तळ्यांत आपण होऊन वितनाहींत. पूर्वी पुरांत नद्यांतून त्यांचीं पिल्लें गोळा करून आणावीं लागत. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनीं माशाच्या मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या इवल्याशा ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींना कोंडलेल्या पाण्यांत वितविण्यांत यश मिळविलें. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे. आज मुंबईच्या किंवा नागपूरच्या बाजारांत आपण रोहू घेतों तेव्हां त्याचा जन्म बहुधा अशा टोंचणीनंतरच झालेला असतो.

या शोधानें उत्पन्न वाढलें, हें नाकारतां येत नाहीं. पण त्याच्यामागून गवत्या, चंदेरी असे परदेशी मासेही आले, आणि मरळ-मागूर हे ‘बीज खाणारे’ म्हणून शत्रु ठरले. गवत्या मासा नांवाप्रमाणें पाणगवत फस्त करतो. पाणी मोकळें, स्वच्छ दिसूं लागतें. पाहणाऱ्याला बरें वाटतें. परंतु त्या गवतांतच मरळीचें घरटें, शिंपल्यांचा आसरा, किड्यांची पैदास आणि बदकांचें ताट होतें. माझ्या मतें या तळ्यांचें गेल्या पन्नास वर्षांतलें सर्वांत मोठें नुकसान गाळानें झालेलें नाहीं. मोकळें पाणी म्हणजे चांगलें पाणी या समजुतीनें झालें आहे.

पांखरांकडे पाहिलें म्हणजे हें लगेच उमगतें. ज्या तळ्याच्या कडेला वीतभर ते कमरेइतकें उथळ पाणी, कमळ, कुमुदिनी आणि देवधान आहे, तेथें लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून चालतो, जांभळी पाणकोंबडी कोंब मोडून खाते, टिबुकली तरंगतें घरटें बांधते, अडई बदकांचे थवे संध्याकाळीं शीळ घालीत उतरतात आणि हिंवाळ्यांत काळे वारकरी पक्षी दिंडीसारखे जमतात. ज्या तळ्याची कड उभी आणि पाणी एकदम खोल, तेथें एक खंड्या आणि चार पाणकावळे, बस्स. देवधान म्हणजे रानटी भात. त्याचे दाणे आपोआप गळतात म्हणून तो माणसाच्या कोठारांत गेला नाहीं, पांखरांचाच राहिला.

या सर्वांत मोठा मानकरी सारस. माणसाएवढा उंच, तांबड्या मानेचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत जगांत सर्वांत उंच मानला जातो. महाराष्ट्रांत तो आतां मुख्यतः गोंदिया व भंडारा या भागांत उरला आहे, आणि तोही मोजक्या जोडप्यांनीं. पावसाळ्यांत तो धानाच्या बांधींत किंवा तळ्याच्या उथळ कडेला गवतकाड्यांचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडीं घालतो. शेतकऱ्याचें वाफाभर धान त्यांत मोडतें. तेवढें नुकसान सोसून घरटें राखणारे शेतकरी गोंदिया जिल्ह्यांत आहेत, ही गोष्ट आपण शहरांतल्या लोकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पक्षिप्रेमाची व्याख्यानें ऐकावयास त्यांना सवड नसते.

आतां या व्यवस्थेचें पुढें काय झालें? १९५० साली त्या वेळच्या मध्यप्रदेशांत मालगुजारी हक्क नष्ट करणारा कायदा झाला, आणि १९५१ पासून तळीं सरकारचीं झालीं. मालगुजार कांहीं संत नव्हते. वेठीवर पाळी चढल्याच्या कथा पुष्कळ आहेत. तो हक्क गेला हें योग्यच झालें. पण त्याच्याबरोबर एक कामही अनाथ झालें. दर उन्हाळ्यांत गाळ काढावा, तो शेतांत न्यावा, सलंग बुजली असेल तर मोकळी करावी, हें आतां कोणाचें? पुढें जिल्हा परिषदा आल्या. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे अशी विभागणी झाली. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे, पाण्याची मागणी शेतकऱ्यांची, शिंगाडा आणखी कोणाचा. पाळ मात्र सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाहीं. तिच्या आड गाळ साचला, आणि उघड्या पडलेल्या काठावर ‘बेशरम’ या समर्पक नांवाची परदेशी झुडपें माजलीं.

अलीकडे सरकारचें लक्ष पुन्हां तळ्यांकडे वळलें आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे, आणि तिचा हेतु उत्तम आहे. भीति आहे ती घाईची. खेड्यांत जिला सरसकट जेसीबी म्हणतात ती यंत्रें मोजमाप घनमीटरांत करतात. जितकी माती निघाली तितकें बिल. तीं तळ्याची बशी मोडून तिची पेटी करतात. शतकानुशतकें बसलेला तळाचा चिकण थर फुटला म्हणजे पाणी खालीं मुरूं लागतें, आणि उतरता काठ उभा झाला म्हणजे देवधानाला पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. गाळ जरूर काढावा. पण मधल्या डोहांतून काढावा, तोही चिकण थराच्या वर थांबून, आणि काठची उथळ पट्टी तशीच ठेवावी. अर्जुनी मोरगांव भागांतील ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीं उलट वाटेनें सुरुवात केली. त्यांनीं बेशरम उपटली आणि उथळ भागांत मूळच्या पाणवनस्पती हातानें लावल्या. कोणती वनस्पति कोणत्या माशाला हवी, हें त्यांच्या घरच्या ज्ञानांत होतेंच.

शहरांत राहून गांवीं जमीन घेणाऱ्या श्रोत्यांपैकीं कोणाला आपल्या शेतांत अशी बोडी असावीशी वाटेल. त्यांना एवढेंच सांगतों कीं, वाहत्या नाल्यावर आपल्या मनानें पाळ घालूं नये. खालीं कोणाचें घर, कोणाची विहीर, कोणाचें तळें आहे, हें पाहून आणि रीतसर परवानगी काढून मगच कुदळ मारावी. तळाला प्लॅस्टिक अंथरलेलें शेततळें ही निराळी वस्तु आहे. त्यांत पाणी राहतें, सोडलेले मासेही वाढतात. पण त्याच्या निसरड्या काठावरून कासवाला किंवा पाडसाला वर येतां येत नाहीं, आणि पांखरांना तें बहुधा पसंत पडत नाहीं.

राहतां राहिला तो एक जुना तंटा. पाळीच्या पोटांतून शेताकडे पाणी सोडण्याची जी सोय असते तिला तुडुम म्हणतात. जुन्या तऱ्हेच्या तळ्यांत एकाखालीं एक अशीं भोकें असत. पाणी उतरेल तसतसें खालचें भोक उघडावयाचें. सर्वांत खालचें भोकही तळाच्या बरेंच वर असे. त्याखालीं राहणारें पाणी शेताला जाऊंच शकत नसे; तें मासे, गुरें, रानांतलीं जनावरें आणि पुढच्या मृगापर्यंतची ओल यांच्या वांट्याचें. हा वांटा कोणी कागदावर लिहिला नव्हता, तो दगडांत बसविलेला होता. आतां डिझेलचीं व विजेचीं इंजिनें आलीं आहेत, आणि इंजिनाला भोकाची मर्यादा नाहीं. उन्हाळी धान लावणारा शेतकरी तळ गाठेपर्यंत पाणी ओढतो. त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे, आणि त्याला वाईट म्हणून भागणार नाहीं. ढिवराचें मागणें त्या मानानें फार मोठें नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस डोहांत तीन-चार फूट पाणी असावें, म्हणजे मरळीचें एखादें जोडपें आणि मुठीएवढें बीज पावसापर्यंत तग धरील. तेवढें पाणी मोजण्यासाठीं डोहांत एक खूण केलेला दगडी खांब पुरतो. आणि इंजिनाचा नळ त्या खुणेखालीं उतरवावयाचा नाहीं, हें शेतकरी व ढिवर या दोघांनीं एकत्र बसून पावसाळ्यापूर्वीं ठरवावें लागतें. नळ एकदां पाण्यांत पडला म्हणजे मग बोलणें अवघड होतें.